कळसूची वाट

नवरात्राला आठ दिवस होते. बहीण आणि भाची आमच्याकडे राजूरला आल्या होत्या. बहिणीला कळसूबाईची ओटी भरायला जायचं होतं. कोणत्या वाटेनं जायचं, यावरून ओसरीत भाचीचं नि माझं जुंपलं.

"बारीतून सगळेच जातात, मामा. रेलिंग, शिड्या, रांग. मी आईला इंदोऱ्याकडून नेणार."

"का?"

"कळसू तिकडून गेली म्हणून."

ही गोष्ट आमच्या भागात पोरासोरांना ठाऊक आहे. कळसू कोळ्याची मुलगी, रानात रमणारी. डोंगराच्या नाशिककडच्या अंगाला, इगतपुरी तालुक्यातल्या इंदोऱ्यात ती एका घरी कामाला राहिली, पण अट घालून: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एके दिवशी घरच्यांनी नेमकं तेच सांगितलं. तिनं मुकाट्यानं केलं आणि तडक डोंगर चढून गेली. पुन्हा खाली आली नाही. तिनं भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, 1646 मीटरचं, या मोलकरणीच्या नावानं ओळखलं जातं. मला याचा फार अभिमान वाटतो.

"तिकडे एवढा पायरव नाही," मी म्हणालो. "पावसाळा नुकता सरलाय. गवत कमरेएवढं, गुरांच्या वाटा कुठल्या नि माणसांची कुठली ते कळत नाही. तुझ्या आईचे गुडघे माहीत आहेत ना?"

"चढताना सावकाश जाऊ. उतरायला बारी आहेच. अवघड वाट चढायला घ्यावी, सोपी उतरायला, असं तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं. पण अर्ध्यातून परतायची वेळ आली, तर तीच अवघड वाट उतरायची असते. त्याचा हिशेब केलास?"

ती गप्प झाली. पण थोडाच वेळ.

"शिडीवर डोंगर भेटत नाही, मामा. हात लोखंडाला लागतो, दगडाला नाही."

हे मला लागलं. तरुणपणी मीही असंच बोलायचो. मग एका नवरात्रात शिडीवर माझ्या पुढे एक म्हातारी होती. नऊवारीचा काष्टा, पाय अनवाणी, नारळ पदरात बांधलेला. एका हातानं शिडी धरून ती भंडारदऱ्याच्या पाण्याकडे बघत उभी होती आणि मागची सगळी रांग तिच्यासाठी थांबली होती. हात लोखंडाला होता म्हणून तिचे डोळे मोकळे होते. शिडीला लबाडी म्हणणं मी त्या दिवशी सोडलं. तो डोंगर आधी तिचा, मग माझ्यासारख्या हौशी माणसाचा.

"वाट निवडणं कुणाच्या हातात असतं, हाही प्रश्नच आहे," मी म्हणालो. "एव्हरेस्टचंच बघ. दुसऱ्या महायुद्धाआधी इंग्रज तिबेटच्या बाजूनं, उत्तरेकडून धडका देत राहिले. पुढे तिबेट बंद झालं, नेपाळ उघडलं. 1953 साली तेनसिंग आणि हिलरी दक्षिणेकडून वर पोचले. शिखर तेच, वाट राज्यांनी बदलली. आपल्याकडे गुडघे बदलतात."

"गुडघ्यांचंच ऐकायचं, तर माणसानं घरी बसावं. मामा, आईनं जन्मभर भांडी घासली. ज्या पोरीनं एकदाच घासली आणि निघून गेली, तिच्या पावलांवरून आईनं एकदा चालावं, असं मला वाटतं. बारीची वाट देवळाला जाते. ही वाट त्या नकाराची आहे."

मला उत्तर सुचेना. तिचं खरं होतं. नवसाला पावणारी देवी आपण लक्षात ठेवली. घर सोडून गेलेल्या पोरीला ओटी भरता भरता विसरलो. तरी मनात काहीतरी खुपत होतं, ते शेवटी बोललो.

"कळसूला कुणी नेलं नव्हतं. तिची ती गेली. तू आईला नेणार म्हणतेस. इंदोऱ्याकडून नेलंस काय नि बारीकडून नेलंस काय, वाट तूच ठरवणार. घरच्यांनीही तिला काय करायचं ते सांगितलंच होतं. आईला विचारलंस का?"

"तिला वाटांतलं काय कळणार..." म्हणता म्हणता ती थांबली.

आत मोरीत भांड्यांचा आवाज चालला होता. बहीण माहेरी आली होती, माझ्या घरी, आणि सकाळपासून हा आवाज माझ्या कानांवर पडत होता. आमची एवढी चर्चा झाली. त्यात तिचा शब्द एकही नव्हता.

भाची उठून आत गेली.

"आई, तुला वर कशासाठी जायचंय?"

भांड्यांचा आवाज थांबला.