साहेबाची बदली झाल्यावर

डोंबिवलीच्या फडके रोडवर किंवा ठाण्याच्या तलावपाळीवर संध्याकाळी जमणाऱ्या निवृत्त मंडळींच्या गप्पांत एक साहेब हमखास येतो. मुलीच्या लग्नाला अ‍ॅडव्हान्स मिळवून देणारा, आई आजारी आहे म्हटल्यावर रजेच्या अर्जावर न वाचता सही ठोकणारा. पाठोपाठ हेही ऐकू येतं की त्याची बदली झाली आणि सगळं बिघडलं. मला रस आहे तो या बिघडण्यात. साहेबाबरोबर बॅग भरून निघून जाते ती आपुलकी त्याच्या स्वभावाला शोभा देणारी खरी. पण तिला नेतृत्व म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हा पेच ठाण्यातच जन्मलेल्या एका माणसाने फार आधी ओळखला होता. नारायण मेघाजी लोखंडे, जन्म १८४८. रेल्वे आणि टपाल खात्यातल्या नोकऱ्यांनंतर ते मुंबईत मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झाले. म्हणजे त्यांची जागा साच्यावर नव्हती, हिशेबाच्या टेबलाशी होती. सत्यशोधक चळवळीतले हे गृहस्थ १८८० पासून ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र चालवू लागले आणि सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन मागण्यांचा अर्ज तयार केला. त्यावर सुमारे ५,५०० जणांच्या सह्या आणि अंगठे होते.

तो अर्ज आजच्या कुठल्याही एचआर मॅनेजरने समोर ठेवून वाचावा असा आहे. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. आणि कामावर जबर दुखापत झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार. कायमचा जायबंदी झाला तर उदरनिर्वाहाची सोय. मालकाने प्रेमाने वागावं, असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. वार आहे, तास आहेत, तारीख आहे. कामगाराची व्यथा लोखंड्यांना समजली होतीच. पण ती मालकाच्या हजेरीपटात उतरल्याशिवाय टिकणार नाही, हेही त्यांना समजलं होतं. शेवटच्या मागणीत तर दोन्ही गोष्टी एकत्र आहेत: आज बोटं गेलेल्या माणसाचं दुःख आणि वीस वर्षांनी त्याच्या घरी चूल पेटेल का, याचा विचार.

रविवार मिळायला सहा वर्षं लागली. १८९० मध्ये महालक्ष्मीला हजारो कामगारांची सभा झाली, तिथे दोन स्त्रियाही बोलल्या, आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघटनेने सुट्टी मान्य केली. जायबंदी कामगाराच्या भरपाईचा कायदा मात्र आला १९२३ साली. तोवर लोखंड्यांना जाऊन पाव शतक उलटलं होतं. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करतानाच ते गेले.

पुढची पायरी बाळंतपणाची. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आलं तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना मांडलं की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे. उपकाराची भाषा तिथे संपली. पुढच्याच वर्षी कायदा झाला. दूरचा विचार करणारा माणूस दयेचं रूपांतर हिशेबात करतो, आणि त्यात मला काहीही कोरडेपणा वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यात कारखाने आले. एमआयडीसीने १९६२ च्या सुमारास ठाण्यात वागळे इस्टेट उभी केली, कल्याणपलीकडे शहाड-मोहने भागात रेयॉनच्या गिरण्या नांदत होत्या. कॉलनी, शाळा, दवाखाना, कॅन्टीन: कंपनी म्हणजे मायबाप. त्या काळाबद्दल हळवं व्हायला मलाही आवडतं, पण २००९ मध्ये मोहन्याची एनआरसी ही रेयॉन कंपनी बंद पडली आणि कामगारांना आपल्या हक्काच्या देण्यांसाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. मायबापांनी दवाखाना बांधला होता. कारखाना थांबला तर माणसांचं काय, याची तरतूद कुठे होती?

आता वागळे इस्टेटमध्ये काचेच्या इमारती आहेत आणि ‘एम्पथी’वर दीड दिवसाची शिबिरं भरतात. शिबिराहून परतलेला टीम लीडर सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेला इमोजी पाठवतो. दाराशी पंचिंग मशीन मात्र तेच, आणि नियमही तोच: तीन लेट मार्क झाले की अर्धी रजा गेली. दिवा स्टेशनजवळ सिग्नल बिघडला हे त्या यंत्राला कळत नाही, हे ठीक. पण नियम लिहिणाराही कल्याणहूनच येतो.

नियम बदलता येतो, हे रेल्वेनेच दाखवलं. मध्य रेल्वेने नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई विभागाच्या कार्यालयात दोन पाळ्या सुरू केल्या, ९.३० ते ५.४५ आणि ११.३० ते ७.४५, आणि गर्दी विभागण्यासाठी इतर कार्यालयांनाही वेळा बदलण्याची विनंती केली. गर्दी वाहून नेणाऱ्यानेच आधी स्वतःचं घड्याळ हलवलं, ही मला अलीकडची सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. प्रतिसाद बेताचाच आला. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी पडले, चौघांचा त्याच दिवशी मृत्यू झाला, तेव्हा कार्यालयांच्या वेळांची चर्चा पुन्हा तापली.

वेळा बदलणं वाटतं तितकं सोपं नाही, हेही खरं. सकाळी मुलाला शाळेत सोडणाऱ्याला साडेअकराची पाळी सोयीची. पण पावणेआठला मुंबईतून निघणारी बाई कल्याणला घरी पोहोचते तेव्हा नऊ वाजून गेलेले असतात. म्हणून कोणाला कोणती पाळी, हे परिपत्रक काढणाऱ्याने आधी विचारायला हवं. आणि त्या परिपत्रकात ज्यांचं नावच नसतं त्यांचं काय? गेटवरचा सिक्युरिटीवाला बारा तास उभा असतो, हाउसकीपिंगच्या मावशी सगळ्यांच्या आधी येतात. त्यांच्या वेळा बदलायच्या म्हटलं तर कंपनी कंत्राटदाराकडे बोट दाखवते, कंत्राटदार कंपनीकडे. आणि मावशींना साहेब नक्की कोण, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.