कर्ज आणि फर्ज : एका क्रियापदाच्या निमित्ताने

एखादी गोष्ट आपण ‘केली पाहिजे’ असे म्हणतो, तेव्हा ती कोणाची लागत असतो म्हणून, की नुसतीच केली पाहिजे म्हणून? नीतिशास्त्रात हा प्रश्न फार जुना आहे. आमच्यापुढे मात्र तो स्पॅनिश व्याकरणातून आला. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवता शिकवता आम्हाला ही भाषा शिकण्याचा नाद लागला आणि ‘देबेर’ या रोजच्या वापरातल्या क्रियापदापाशी आम्ही थबकलो.

‘देबो दिनेरो’ म्हणजे मी पैसे देणे लागतो. ‘देबो इर’ म्हणजे मी गेले पाहिजे. पुढे नाम आले तर ऋण, दुसरे क्रियापद आले तर कर्तव्य. उर्दूत कर्ज आणि फर्ज हे शब्द कानाला जुळ्या भावंडांसारखे वाटतात, पण अरबीत त्यांचे धातू वेगळे आहेत. आपल्याकडे जे यमकाने जवळ येतात, ते अर्थ स्पॅनिशमध्ये एकाच शब्दात नांदतात. त्याचे मूळ लॅटिन ‘देबेरे’त आहे : दुसऱ्याचे काही आपल्याजवळ असणे. स्पेनमधल्या हिशेबाच्या वहीत आजही ‘देबे’ आणि ‘आबेर’ अशा दोन बाजू असतात. आपल्या भाषेत नावे आणि जमा.

म्हणजे कर्तव्याचा जन्म कर्जातून झाला काय? जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे याने १८८७ साली असेच काहीसे सुचवले होते. जर्मन भाषेतला अपराधाचा शब्द हा कर्जाच्या शब्दाचाच भाऊ आहे, हे दाखवून त्याने माणसाची अपराधी भावना सावकार आणि ऋणको यांच्या नात्यापर्यंत मागे नेली. आपल्याकडेही ‘समाजाचे आपण काही देणे लागतो’ हे वाक्य प्रत्येक सत्कार समारंभात ऐकू येते.

या वाक्यातला ‘लागणे’ पाहण्यासारखा आहे. ‘मला जावे लागते’ आणि ‘मी देणे लागतो’, दोन्हींत क्रियापद एकच. पण पहिल्या वाक्यातल्या ‘मला’वर काहीतरी येऊन पडले आहे. दुसऱ्या वाक्यातला ‘मी’ स्वतः पुढे येऊन उभा आहे. स्पॅनिशमध्ये पहिल्यासाठी ‘तेनेर के’ अशी वेगळी रचना आहे आणि दुसऱ्यासाठी ‘देबेर’. सक्ती आणि कर्तव्य यांतले अंतर आम्हाला कोणत्याही व्याख्येपेक्षा या दोन वाक्यांत स्पष्ट दिसते.

आम्हा शिक्षकांना याची प्रचिती गृहपाठात येते. स्पेनमध्ये गृहपाठाला ‘देबेरेस’ म्हणतात, म्हणजे देणी. मेक्सिको, अर्जेंटिना या देशांत मात्र ‘तारेआ’ हा शब्द चालतो. तो मूळचा अरबी; ‘तरह’ म्हणजे टाकणे, या धातूतून आला आणि अंगावर टाकलेले काम असा त्याचा अर्थ. तरही मुशायऱ्यातली ‘तरह’ तीच. तिथेही शायरांपुढे एक ओळ टाकली जाते. पण चांगला शायर त्या ओळीवर स्वतःची गझल उभी करतो. टाकलेले कामही आपले करून घेता येते, हे त्या परंपरेने दाखवले आहे. पोरांच्या वह्यांत मात्र आम्हाला बहुधा टाकलेलेच काम दिसते. फळ्यावरून उतरवलेले, कोणाला तरी दाखवण्यापुरते.

मग गृहपाठ हे देणे आहे असे मुलांना सांगावे काय? इथे सावध राहिले पाहिजे. कर्ज मोजता येते, फिटते आणि फिटले की नाते संपते. कर्तव्याचा असा हिशेब मांडला की घर बिघडते. ‘तुझ्यासाठी आम्ही इतके खर्च केले’ असे ऐकत वाढलेला मुलगा आईबापांना व्याज देतो, माया देत नाही. पगाराइतकेच शिकवायचे असे ठरवणारा शिक्षकही सावकारी वहीच मांडत असतो. शिवाय आपण ज्याचे काहीच घेतलेले नाही, अशा रस्त्यावर पडलेल्या अनोळखी माणसाला उचलायचे, ते कोणत्या कर्जापोटी? स्पॅनिश माणूस ‘ले देबो ला बीदा’ म्हणतो, म्हणजे माझे आयुष्य मी त्याचे देणे लागतो. ही रक्कम कोण फेडणार? ज्यांनी आम्हाला अक्षरे दिली त्यांतले कित्येक आज हयात नाहीत. ते देणे आता समोर बसलेल्या मुलांनाच द्यायचे, आणि तेही फिटले असे कधी म्हणायचे नाही.

तरीही कर्जातली एक गोष्ट कर्तव्याने घ्यावी, असे आम्हाला वाटते. कर्जाला नाव असते. अमक्याचे अमक्याला. ‘अभ्यास केला पाहिजे’, ‘मुली शिकल्या पाहिजेत’ या वाक्यांत देणारा नाही आणि घेणारा नाही. म्हणून ती भिंतीवर शोभतात. मुलाने गृहपाठ पुरा करून वही टेबलावर ठेवली, की देणे त्याच्याकडून शिक्षकाकडे येते. ती वही मन लावून तपासणे हे त्या मुलाचे, त्याच्या नावाचे देणे आहे.

या क्रियापदाचा तिसरा उपयोगही पाहावा. ‘देबेर’पुढे ‘दे’ हा छोटा शब्द आला की कर्तव्य जाते आणि अंदाज उरतो. ‘आल्गिएन देबे कुइदारलो’ म्हणजे कोणी तरी त्याची काळजी घेतली पाहिजे. ‘आल्गिएन देबे दे कुइदारलो’ म्हणजे कोणी तरी त्याची काळजी घेत असणार. बोलताना स्पॅनिश लोक हा भेद नेहमी पाळतात असे नाही. अंदाजाच्या अर्थी ‘दे’ गाळलेला व्याकरणालाही चालतो. पण माणसांच्या वस्तीत हा ‘दे’ फार घात करतो. आठवीतली एक मुलगी पंधरा दिवस वर्गात दिसत नाही. ‘कोणी तरी तिच्या घरी गेले पाहिजे’ असे सर्वांनाच वाटते. दोन दिवसांत त्याचे ‘कोणी तरी गेले असेल’ होते. महिन्याभराने हजेरीपटावरून तिचे नाव जाते आणि एकालाही आपण काही चुकवले असे वाटत नाही.

दोन्ही वाक्यांत ‘कोणी तरी’ आहे, घोटाळा तिथेच आहे. स्पॅनिशमध्ये ‘देबो’ म्हणताना ‘मी’ वेगळा उच्चारावा लागत नाही, तो क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरातच असतो. कर्ज आणि फर्ज यांचा वाद विद्वानांनी खुशाल चालवावा. त्या मुलीच्या दारापर्यंत जायला हे एक अक्षर पुरे आहे.