गणना, दैव आणि कर्तव्य

मनुष्याच्या वाट्याला जे येते त्यात दैवाचा भाग किती आणि त्याच्या स्वतःच्या कर्तव्याचा भाग किती, हा भारतीय तत्त्वचिंतनातील फार जुना प्रश्न आहे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली असून अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने आणि विविध क्रिया या चारांनंतर दैव हे पाचवे कारण म्हणून येते. दैवाला तेथे स्थान आहे, परंतु ते पाचांतील एकाचे आहे. त्यामुळे आधीच्या चारांचा हिशेब पुरा केल्यावाचून पाचव्यावर भार टाकू नये, असा त्या मांडणीचा आशय घेता येतो. या प्रश्नाचा विचार आजवर मुख्यतः धर्मशास्त्र आणि वेदान्त यांच्या अंगाने झाला. सातारा आणि सांगली या कृष्णाकाठच्या जिल्ह्यांत मात्र तो उपयोजित गणिताच्या अंगानेही करणे आवश्यक झाले आहे.

उपयोजित गणित म्हणजे निसर्गातील किंवा समाजातील एखाद्या घडामोडीला गणिती रूप देऊन, त्या रूपावरून निष्कर्ष काढून, तो निष्कर्ष पुन्हा प्रत्यक्षाशी ताडून पाहण्याचे शास्त्र. पदवीच्या वर्गात ते अवकल समीकरणे, संभाव्यता, संख्याशास्त्र आणि इष्टतमीकरण अशा विषयांच्या रूपाने शिकवले जाते. 1919 साली सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले आणि त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, जिचे कार्य 1924 पासून साताऱ्यातून चालू लागले. या आणि अशा संस्थांमुळे शेतकरी व कष्टकरी घरांतील मुलामुलींना विज्ञानाची पदवी घेणे शक्य झाले. ही पदवी बहुधा नोकरीची किंवा स्पर्धा परीक्षेची पायरी म्हणून घेतली जाते आणि त्यात गैर काही नाही. परंतु या अभ्यासाचा नैतिक अर्थ त्याहून मोठा आहे, आणि तो विद्यार्थ्यांपुढे क्वचितच मांडला जातो.

हा अर्थ समजण्यासाठी कोयना धरणाचे उदाहरण पुरेसे आहे. जलाशयातील साठ्याचे समीकरण अत्यंत साधे आहे: ठरावीक काळात आत आलेल्या पाण्यातून बाहेर गेलेले पाणी वजा केले म्हणजे साठ्यात झालेला बदल मिळतो. कोयनेची साठवणक्षमता सुमारे 105 टीएमसी, म्हणजे 105 अब्ज घनफूट आहे, आणि एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट प्रवाह असल्यामुळे 1 लाख क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला तर 8.64 टीएमसी पाणी बाहेर पडते. म्हणजे नवे पाणी मुळीच न येताही भरलेले धरण त्या गतीने रिकामे व्हायला बारा दिवस लागतील. हे पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, पुढे सांगलीजवळ हरिपूरला वारणा येऊन मिळते, आणि वरच्या पाणलोटातील पाऊस व विसर्ग यांची सांगलीतील पातळीशी सांगड घालता येते. वेळ, अंतर, नदीपात्राचा उतार आणि रुंदी यांवरून पूर कधी व किती चढेल याचा अंदाज बांधणे हे उपयोजित गणिताचे रोजचे काम आहे.

येथेच दैवाचा प्रश्न नव्याने उभा राहतो. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली, तेथील धोक्याची पातळी 45 फूट असताना. आणि 8 ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून सुटका करणारी नाव उलटून माणसे बुडाली. पाऊस किती पडावा हे कोणाच्या हाती नव्हते, आणि त्या अर्थाने पाचवे कारण तेथे खरोखरच उपस्थित होते. परंतु पडलेल्या पावसाचे पाणी कोणत्या गावाला केव्हा गाठेल हा भाग मोजता येण्याजोगा असतो, आणि जे मोजता येते त्याच्याबाबत आधी सावध होण्याचे कर्तव्य उत्पन्न होते. आजोबांच्या पिढीने ज्याला नशीब म्हटले ते त्या पिढीच्या साधनांच्या मर्यादेत कदाचित योग्य होते. पण साधने बदलली की तोच शब्द वापरण्याचा अधिकार उरत नाही. ज्ञान वाढते तसतशी दैव आणि कर्तव्य यांच्यातील सीमारेषा सरकते, आणि मनुष्य ज्यासाठी उत्तरदायी आहे तो प्रदेश विस्तारतो. गणना शिकणे म्हणजे या उत्तरदायित्वाचा स्वीकार करणे होय.

संभाव्यतेचा अभ्यास हीच गोष्ट अधिक सूक्ष्म रीतीने शिकवतो. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ या शब्दप्रयोगावरून असा पूर एकदा येऊन गेला की पुढची शंभर वर्षे निश्चिंत, असा समज होतो. वास्तविक त्याचा अर्थ एवढाच की कोणत्याही एका वर्षात तो येण्याची संभाव्यता 1 टक्का असते. आणि प्रत्येक वर्ष दुसऱ्यापासून स्वतंत्र मानले तर तीस वर्षांच्या काळात तो निदान एकदा येण्याची संभाव्यता सुमारे 26 टक्के होते. नदीकाठी घर बांधणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने 1 टक्का आणि 26 टक्के यांतील अंतर फार मोठे आहे. त्यातही वर्षांचे स्वातंत्र्य आणि हवामानाची स्थिरता ही गृहीतके आहेत. 2005, 2019 आणि 2021 या तीन वर्षांत सांगलीने मोठे पूर पाहिल्यानंतर ती पुन्हा तपासून घेणे अपरिहार्य ठरते.

दैवाचा दुसरा एक अर्थ समाजात रूढ आहे, तो म्हणजे जन्मवेळीच लिहिले गेलेले आणि कुंडलीतून वाचता येणारे भविष्य. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या सहभागाने आणि जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने 2008 मध्ये या दाव्याची संख्याशास्त्रीय चाचणी घेण्यात आली. हुशार मुले आणि बौद्धिक अपंगत्व असलेली मुले यांच्या प्रत्येकी शंभर पत्रिका जमवून, प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील चाळीस पत्रिका ओळखण्यासाठी दिल्या गेल्या. निकाल देणाऱ्या 27 ज्योतिषांच्या अचूक उत्तरांचे सरासरी प्रमाण 46 टक्के भरले, म्हणजे नाणे उडवून उत्तर दिले असते तरी याहून कमी यश अपेक्षित नव्हते. या प्रयोगाचे महत्त्व त्याच्या निकालाइतकेच त्याच्या रीतीत आहे, कारण कोणावरही दोषारोप न करता दाव्यालाच बोलू द्यावे आणि पुराव्यापुढे सर्वांनी सारखेच नम्र व्हावे, अशी ती रीत आहे.

ही नम्रता गणितज्ञालाही सुटलेली नाही. न्यायदर्शनात अनुमान हे प्रमाण व्याप्तीवर, म्हणजे दोन गोष्टींच्या अव्यभिचारी साहचर्यावर, उभे असते. आणि त्या साहचर्यामागे एखादी न दिसणारी अट दडलेली असेल तर तिला उपाधी म्हणतात. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे हे अनुमान चुकते, कारण धुरासाठी अग्नीबरोबर ओले इंधनही लागते, आणि ते ओले इंधन ही तेथील उपाधी होय. गणिती प्रतिमानाची गृहीतके म्हणजे अशाच उपाधी होत. दख्खनचा कठीण पाषाण स्थिर आहे, ही समजूत प्रचलित असताना 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगरला विनाशकारी भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली, आणि जलाशयामुळे भूकंपाला चालना मिळू शकते या विचाराचे कोयना हे जगभर अभ्यासले जाणारे उदाहरण ठरले. वाईच्या प्राज्ञपाठशाळेतील तर्कशास्त्राची परंपरा आणि महाविद्यालयातील गणिताचा वर्ग यांच्यात वाटते तितके अंतर नाही. गृहीतक उघड सांगा आणि ते कोठे मोडेल ते शोधा, ही शिस्त दोन्हीकडे सारखीच आवश्यक आहे.

गणनेची याहून मूलभूत अशीही एक मर्यादा आहे. इष्टतमीकरण म्हणजे दिलेल्या बंधनांत राहून एखादे उद्दिष्ट जास्तीत जास्त साधणे. परंतु उद्दिष्ट कोणते असावे हे गणित सांगत नाही. कराडजवळच्या टेंभू येथे कृष्णेचे पाणी अडवून ते टप्प्याटप्प्याने उचलून खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ अशा दुष्काळी भागांकडे नेले जाते. हे पाणी जमिनीच्या क्षेत्रानुसार वाटावे असे ठरले तर एक उत्तर येते, प्रत्येक कुटुंबाला सारखे द्यावे असे ठरले तर दुसरे, आणि समीकरणे दोन्हींची तितक्याच निर्दोषपणे सुटतात. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर 1980 च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीच्या पुढाकाराने लोकांनी बळीराजा धरण उभारले, तेव्हा भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाचा पाण्यावर हक्क मानला गेला. तो न्यायाचा निर्णय होता, आणि गणिताचे काम त्यानंतर सुरू होणारे होते. धर्म हा शब्द न्याय्य धारणा या अर्थाने घेतला तर उद्दिष्ट धर्माने ठरवावे आणि मार्ग गणिताने, हेच योग्य होय.

टेंभू हे गोपाळ गणेश आगरकरांचे जन्मगाव. बुद्धीला पटेल तेच मानावे असा आग्रह धरणारे आगरकर आणि कर्मयोगाची मीमांसा करणारे टिळक यांच्यात श्रद्धेविषयी तीव्र मतभेद होते, तरी कर्तव्य टाळण्यासाठी दैवाचा आधार घेणे दोघांनाही मान्य झाले नसते. टिळक स्वतः गणिताचे अध्यापक होते, आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गीतारहस्यातील निष्काम कर्माची कल्पना गणिताच्या विद्यार्थ्याला अगदी जवळची आहे. हवे ते उत्तर यावे म्हणून आकडे वाकवणे ही फलाची आसक्ती, आणि नकोसे उत्तर आले तरी ते जसेच्या तसे मांडणे हे निष्काम कर्म.

वाईच्या घाटांवर कृष्णाबाईचा उत्सव करणारा भाविक नदीला आई मानतो, आणि तिचे पाणी मोजल्याने त्या भावनेत काही उणे येत नाही, कारण जिला आई मानले तिची प्रकृती जाणून घेणे हे भक्तीचेच अंग आहे. म्हणून या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी उपयोजित गणिताच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून आपल्या परिसरातील एखादी नदी, तलाव किंवा पाणीवाटप यांवर एक तरी प्रकल्प करून घ्यावा, आणि त्यात उत्तराबरोबर गृहीतके आणि उद्दिष्ट कोणी व का ठरवले हेही लिहायला लावावे. जे मोजता येते ते मोजल्याशिवाय दैवाचे नाव घेऊ नये, एवढा एक संस्कार पदवीच्या तीन-चार वर्षांत रुजला, तरी या शिक्षणाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.