वरची ओळ, खालची ओळ

लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकात एकाच पानावर दोन भाषा छापायच्या झाल्या, तर वर कोणती घ्यायची आणि खाली कोणती? प्रश्न छपाईचा वाटतो. पण अमेरिकेतील स्पॅनिश-इंग्रजी पुस्तकांची हकीकत वाचत गेले, तसा तो मला इन्साफाचा प्रश्न वाटू लागला.

सॅन फ्रान्सिस्को शहरात हॅरिएट रोमर यांनी १९७५ साली 'चिल्ड्रन्स बुक प्रेस' ही छोटी प्रकाशनसंस्था काढली. ज्यांच्या घरातले चेहरे आणि ज्यांची भाषा शाळेच्या पुस्तकांत कुठेच नव्हती, अशा मुलांसाठी ती होती. तिने काढलेल्या कित्येक पुस्तकांत एकाच पानावर इंग्रजी आणि स्पॅनिश शेजारी शेजारी आल्या. १९९० साली कार्मेन लोमास गार्झा या चित्रकर्तीचे आपल्या कुटुंबाच्या आठवणींचे पुस्तक आले. पुढे १९९३ साली ग्लोरिया आन्झाल्दुआ यांचे 'पलीकडचे मित्र' अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक आले.

या आन्झाल्दुआबाईंची गोष्ट सांगण्यासारखी आहे. दक्षिण टेक्सासमध्ये त्यांचे बालपण गेले. मधल्या सुट्टीत स्पॅनिश बोलल्याबद्दल त्यांच्या बोटांवर पट्टीचा मार बसला, हे त्यांनीच १९८७ सालच्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. स्वतःच्या नावाचा उच्चार कसा करायचा एवढेच त्या शिक्षिकेला सांगू पाहत होत्या, तर त्यांना वर्गाच्या कोपऱ्यात पाठवले गेले. वर बजावले गेले की, अमेरिकन व्हायचे असेल तर इथली भाषा बोल, नाहीतर मेक्सिकोला चालती हो. हे वाचताना आपल्यापैकी अनेकांना दुसऱ्या एका देशाचे नाव आठवेल.

पट्टी खाल्लेल्या त्या मुलीने मोठेपणी मुलांसाठी पुस्तक लिहिले आणि त्यात दोन्ही भाषांना जागा दिली. ज्या भाषेने मार दिला, तीही पानावर आहे. बदल्याची भावना त्यात नाही. मला यात फार मोठी नैतिक उंची दिसते.

पण प्रश्न इथे संपत नाही. अशा पुस्तकाकडे दोन नजरांनी पाहता येते. एक नजर म्हणते, ही शिडी आहे. मूल स्पॅनिशच्या आधाराने इंग्रजीवर चढेल, मग शिडी काढून टाका. दुसरी नजर म्हणते, हे घर आहे आणि दोन्ही खोल्या राहण्यासाठीच आहेत. कॅलिफोर्नियात १९९८ साली मतदारांनी कायदा केला आणि शाळांतून द्विभाषिक शिक्षण जवळजवळ हद्दपार झाले. शिडीसुद्धा नको, असाच त्याचा अर्थ. २०१६ साली तिथल्याच मतदारांनी तो कायदा मोडीत काढला. मधल्या अठरा वर्षांत किती मुले शाळेतून गेली असतील!

शिडीवाल्यांची बाजू मात्र हलकी समजू नये. शेतमजुरी करणाऱ्या आईबापांना आपल्या मुलाला इंग्रजी यावी असे वाटते, कारण इंग्रजीत भाकरी आहे. आपल्याकडचे पालकही हेच म्हणतात. मादरी जबानच्या प्रेमापायी गरिबाच्या मुलाला मागे ठेवण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला? हा सवाल रास्त आहे.

त्याचे उत्तर मला त्या पानावरच सापडते. मूल इंग्रजी ओळ वाचते, आई स्पॅनिश ओळ वाचते, चित्र दोघांचे एकच. मूल पुढे जाते, पण आई अडाणी ठरत नाही. नुसत्या इंग्रजी पुस्तकासमोर तीच आई मुकी होते, आणि मुकी झालेल्या आईची मुलाला आधी कीव येते, मग लाज वाटते. भाकरी मिळावी, पण आईची लाज वाटण्याच्या किमतीवर मिळू नये. मुद्दा भाषेचा कमी आणि अदबीचा जास्त आहे. सूरह रूममध्ये माणसांच्या भाषा आणि रंग वेगवेगळे असणे ही अल्लाहची निशाणी म्हणून सांगितली आहे. निशाणीला कोपऱ्यात उभे करायचे नसते.

आन्झाल्दुआंच्या त्या गोष्टीत नदी ओलांडून आलेल्या गरीब मुलाची टिंगल होते. टिंगल करणारी मुले गोरी नाहीत, ती त्याच्याच कौमेची आहेत, फक्त नदीच्या अलीकडची. इथे मी थांबले, कारण मला माझा वर्ग आठवला.

मी उर्दू शाळेत शिकवते. उर्दूवर अन्याय होतो, असे मी अनेकदा म्हटले आहे आणि ते खोटे नाही. पण एकदा एका मुलाने उत्साहाने सांगितले, "आज घरी म्हावरं आणलंय." मी लगेच म्हणाले, "म्हावरं नहीं बेटा, मछली बोलो." तो "मछली" म्हणाला आणि खाली बसला. पुढचे मात्र त्याने सांगितले नाही. कोणी आणले, कुठून आणले, ते माझ्या दुरुस्तीत बुडाले. माझ्या हातात पट्टी नव्हती, एवढाच फरक. घरी कोकणी बोलणाऱ्या त्या मुलासाठी मादरी जबानच्या नावाने मी जी शिकवत होते, ती त्याच्या आईची जबान नव्हतीच.

आपल्यावर झालेला जुलूम आपल्याला ओळखता येतो. आपल्या हातून होणारा ओळखायला दुसऱ्याची गोष्ट वाचावी लागते.

स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही डावीकडून वाचतात, त्यामुळे वरखाली करावेच लागते. उर्दू आणि मराठीचे तसे नाही. एक उजवीकडून येते, दुसरी डावीकडून. अशा पुस्तकाला दोन्ही बाजूंनी पहिले पान असेल आणि गोष्ट मध्यावर भेटेल. त्या मधल्या पानावर एक चित्र असावे, आणि त्याखाली मुलाने घरी जो शब्द ऐकला असेल, तो त्याने स्वतः लिहावा. म्हावरं लिहिले तर मी आता दुरुस्त करणार नाही. पुढे काय झाले, ते विचारीन.