स्क्रू फिरवायचा की भेग शोधायची?



'या वर्षी स्मरणिकेसाठी लेख द्याच, पण कृपा करून सॉफ्टवेअरवर नको,' अशी संपादकांची प्रेमळ अट होती. गेली वीस वर्षं ज्याचं पोट सॉफ्टवेअरवर चाललंय त्याने आणखी कशावर लिहावं? म्हणून एका जुन्या चेनसॉवर, म्हणजे झाडं कापायच्या यांत्रिक करवतीवर लिहितोय. यंत्रांत रस नसलेल्यांनी लगेच पान उलटू नये. गोष्ट शेवटी यंत्राची राहत नाही.

आम्ही केंटमध्ये राहतो. १८ फेब्रुवारी २०२२ ला स्टॉर्म युनिस आलं, ते बऱ्याच जणांना आठवत असेल. आयल ऑफ वाइटच्या नीडल्सपाशी त्या दिवशी वाऱ्याचा वेग ताशी १२२ मैल नोंदला गेला. आमच्या बागेतलं एक झाड कुंपणावर आडवं झालं. शेजारी ऐंशी ओलांडलेले एक इंग्लिश आजोबा राहतात. ते गॅरेजमधून एक जुनी चेनसॉ घेऊन आले आणि म्हणाले, "माझ्याच्याने आता उचलत नाही. तूच ठेव."

ती त्यांनी १९८७ च्या मोठ्या वादळानंतर घेतली होती. १५ ऑक्टोबरच्या रात्रीपासून १६ च्या पहाटेपर्यंत त्या वादळाने दक्षिण इंग्लंडमधली अंदाजे दीड कोटी झाडं पाडली. सेव्हनओक्स गावाचं नाव ज्या सात ओकवरून सांगतात, त्यांतले सहा एका रात्रीत गेले. त्यानंतर आजोबांनी या करवतीने कित्येक दिवस गल्लीतले रस्ते मोकळे केले होते. म्हणजे हातात आलं ते नुसतं अवजार नव्हतं, आठवण होती.

मी आधी एक दिवसाचं प्रशिक्षण घेतलं, हेल्मेट आणि जाड विजार आणली आणि मग मशिन सुरू केलं. झकास सुरू झालं, पण रेस फार! ट्रिगरला हात न लावताही साखळी फिरत होती. हे धोक्याचं लक्षण. चेनसॉमध्ये एक क्लच असतो. इंजिन संथ असलं की तो सुटलेला राहतो आणि साखळी थांबते. इंजिनाने वेग घेतला तरच तो साखळीला पकडतो. म्हणजे नुसतं उभं असताना साखळी फिरत असेल तर एकतर क्लचच्या स्प्रिंगा गेल्या आहेत, नाहीतर इंजिन नको इतकं पळतंय. अशी करवत वापरायची नाही. मी लगेच बंद केली.

आता आपण बजाज स्कूटरवर वाढलेली माणसं. पेट्रोलमध्ये ऑइल टाकणं, प्लग काढून पुसणं, रेसचा स्क्रू पिळणं हे सगळं हातात भिनलेलं. चेनसॉसुद्धा तसंच टू-स्ट्रोक इंजिन. कार्ब्युरेटरवर तीन स्क्रू असतात. एक कमी वेगाच्या पेट्रोलचा, एक जास्त वेगाच्या पेट्रोलचा आणि तिसरा नुसत्या रेसचा. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन तिसऱ्याकडे वळलो. पाहतो तर तो आधीच पूर्ण बाहेर आलेला! रेस कमी करायला आता जागाच शिल्लक नव्हती.

आजोबांना विचारलं तर ते मिस्कील हसले. "दर वसंतात थोडी रेस वाढलेली असायची. मी अर्धा फेरा मागे घ्यायचो. आता फेरेच संपले वाटतं."

हे 'फेरे संपले' माझ्या डोक्यात राहिलं.

दर वसंतात रेस का वाढत होती? प्लग काढला तर तो चॉकलेटी नाही, पांढुरका. म्हणजे इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी. एअर फिल्टर साफ केला, टाकीतला पेट्रोल फिल्टर बदलला. फरक नाही. मग आणखी एक गोष्ट लक्षात आली. ट्रिगर दाबून सोडला की निरोगी मशिन झटकन खाली येतं. हे येत नव्हतं. हात काढल्यावरही दोन-तीन सेकंद वरच्याच पट्टीत किंचाळत राहायचं आणि मग नाइलाजाने उतरायचं. आपल्याकडचे मेकॅनिक अशा वेळी एका शब्दात निदान करतात, 'एअर घेतंय.' कुठूनतरी चोरून हवा आत शिरतेय.

कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामध्ये रबराचा एक आखूड तुकडा असतो. तो काढून पाहिला. धडधाकट दिसत होता. आजोबा म्हणाले, "वाकवून बघ." वाकवला आणि दिसली, जेमतेम नखाएवढी भेग. पस्तीस वर्षांचं रबर, वर्षानुवर्षांची उष्णता आणि थरथर. शिवाय सप्टेंबर २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला मानवत नाही. (ज्यांच्याकडे जुनी यंत्रं आहेत त्यांनी सुपर अनलेडेड वापरावं आणि पेट्रोल महिनोन् महिने टाकीत ठेवू नये.) रबराचा नवा तुकडा काही पौंडांत आला. तो बसवला, तिन्ही स्क्रू पुन्हा जागेवर आणले आणि साखळी मुकाट उभी राहिली.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण मला चटका लावून गेला तो त्या आवाजाचा अर्थ.

इंजिन इतकं जोरात का पळत होतं? आपल्याला वाटतं, जोरात पळतंय म्हणजे ताकद आहे. इथे नेमकं उलटं होतं. त्याला पेट्रोल पुरत नव्हतं. टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचं तेल पेट्रोलातूनच जातं आणि इंजिन थंड ठेवायलाही ते पेट्रोल मदत करतं. पेट्रोल कमी पडलं की इंजिन हलकं होऊन सुसाट सुटतं, पण आतून तापतं आणि कोरडं पडतं. एक दिवस पिस्टन सिलिंडरला चिकटतो आणि सगळं संपतं. तो सुंदर, सणसणीत आवाज उपासमारीचा असतो. उलट नीट जुळवलेली जुनी चेनसॉ लाकडाशिवाय पूर्ण वेगाने चालवली तर जराशी अडखळल्यासारखी, फडफडत बोलते. लाकडात घातली की तोच आवाज स्वच्छ होतो. जाणकार कानाला ती फडफड हवी असते.

लहानपणी काकांच्या मळ्यातल्या विहिरीवर किर्लोस्करचं डिझेल इंजिन होतं. पट्टा पंपाच्या पुलीवरून उतरला की ओझं गेल्याने इंजिन एकदम बोंबलायचं, पण क्षणात स्वतःला आवरायचं. काका म्हणायचे, "घाबरू नकोस, त्याला गव्हर्नर आहे." जेम्स वॉटने १७८८ च्या सुमारास वाफेच्या इंजिनाला बसवलेली हीच युक्ती. वेग वाढला की फिरते गोळे बाहेर फेकले जातात आणि वाफेची वाट अरुंद करतात. मॅक्सवेलने १८६८ मध्ये या गव्हर्नरांवर गणिती निबंध लिहिला. माझ्या हातातल्या चेनसॉला मात्र असा गव्हर्नर नव्हता. तिला आवरायला बाहेरच्या माणसाचा कानच लागतो.

आता खरा प्रश्न. आजोबा दर वर्षी अर्धा फेरा फिरवत होते, ते चूक होतं का? तसे ते खोटं बोलत नव्हते. साखळी थांबत होती, काम होत होतं. आमच्या धंद्यात तर हे रोजचंच. (संपादक, एवढं एकच वाक्य सॉफ्टवेअरचं!) एखादा प्रोग्रॅम मेमरी गळत ठेवून सर्व्हर आजारी पाडतो, कारण शोधायला वेळ नसतो, म्हणून रोज पहाटे दोन वाजता सर्व्हर आपोआप बंद करून पुन्हा चालू करायचा. सकाळी सगळे आलेख हिरवे. अशी एक 'तात्पुरती' सोय मी स्वतः केलेली आहे आणि ती सहा वर्षं चालली.

मला वाटतं, तात्पुरता इलाज हे पाप नाही. ताप चढला की डॉक्टर आधी ताप उतरवतात, पण कारण शोधायचं विसरत नाहीत. तात्पुरता इलाज खोटा होतो तो आपण त्याला इलाज समजायला लागतो तेव्हा. लक्षण गप्प झालं की आपली चौकशीही गप्प होते. भेग मात्र वाढतच असते आणि फेरे मोजकेच असतात.

हे सगळं मला सुचलं ते गॅरेजमध्ये नाही, त्याच महिन्यात एका रात्री, मुलीच्या खोलीच्या दारात. ती तेव्हा दहा वर्षांची होती. सप्टेंबरमध्ये इलेव्हन-प्लसची परीक्षा होती. केंटमधल्या पालकांना ते काय प्रकरण असतं हे सांगायला नको. अभ्यासात सुसाट होती. शिकवणीच्या बाई खूश, आम्ही खूश. फक्त रात्री झोप लागत नव्हती. दिवा घालवल्यावर तास-तासभर छताकडे बघत राहायची, बोटांवर शब्द मोजत. आम्ही काय केलं? टीव्ही बंद केला, गरम दूध सुरू केलं, झोपायची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणली. पुढच्या आठवड्यात आणखी अर्ध्या तासाने.

त्या रात्री दारात उभं राहून मला एकदम तो आवाज आठवला. हात काढल्यावरही खाली न येणारं इंजिन. आणि आम्ही दोघं अर्धा-अर्धा फेरा फिरवत होतो.

दुसऱ्या दिवशी शिकवणी बुडवून तिला घेऊन लांब चालायला गेलो. सरळ विचारलं तर 'काही नाही बाबा' एवढंच. तासाभराने, शेताच्या कडेने जाताना, तिने आपणहून विचारलं, "बाबा, मी पास नाही झाले तर आपल्याला हे घर विकायला लागेल का?"

मी थबकलोच. दोन वर्षांपूर्वी आम्ही चांगल्या शाळांसाठी इकडे राहायला आलो, हे आम्ही प्रत्येक पाहुण्याला अभिमानाने सांगत होतो. 'हिच्यासाठीच तर एवढं कर्ज काढलंय!' ती शेजारी बसून ऐकत होती. भेग तिच्यात नव्हती, आमच्या बोलण्यात होती. समोरून पाहताना कधी दिसली नव्हती.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं बसलो. सौ.ने तिला सांगितलं की हे घर आता आपलं आहे आणि परीक्षेत काहीही झालं तरी आपलंच राहणार. आठवड्यातली एक शिकवणी कमी केली. परीक्षा मात्र तिने दिली. अभ्यास वाईट नसतो, मुलांनी वेगाने पळूच नये असंही मला म्हणायचं नाही. चेनसॉ पळण्यासाठीच असते. पण ती किती वर जाते यावरून तिची तब्येत कळत नाही. हात काढल्यावर ती किती सहज खाली येते, त्यावरून कळते. हे मुलांना लागू आहे आणि शुक्रवारी लॅपटॉप मिटल्यावरही रविवारपर्यंत डोकं शांत न होणाऱ्या आपल्यालाही. इतक्या लांब येऊन आपण सगळेच जरा चढ्या पट्टीत जगतो. कधीतरी एकमेकांना वाकवून बघायला हवं, अर्थात मायेने!

आमच्या मुलीचा निकाल काय लागला, हे मी मुद्दामच सांगत नाही. एवढंच सांगतो की त्या संध्याकाळनंतर आठवड्याभरात ती दिवा घालवल्यावर दहा मिनिटांत झोपायला लागली.

आणि चेनसॉ? ती अजून आहे. गेल्या शरदात आजोबांच्या सफरचंदाच्या झाडाची वाळलेली फांदी तिनेच कापली. ते खुर्ची टाकून डोळे मिटून आवाज ऐकत बसले होते. मी ट्रिगर सोडला, ती झटकन उतरली आणि त्यांनी डोळे न उघडताच मान डोलावली.