भिंत, पाणी आणि वेशीबाहेरचा तहानलेला

येडशीहून धाराशिव व तुळजापूर ओलांडून दक्षिणेस गेले की बोरी नदीच्या काठी नळदुर्गाचा काळ्या पाषाणाचा कोट दिसू लागतो. बालाघाटाच्या या कोरड्या मुलखात ज्यांनी कोट बांधले त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती : शत्रूच्या आधी तहान गड घेते. म्हणून दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, 1613 च्या सुमारास, नळदुर्ग आणि त्याला लागून असलेला रणमंडळ यांच्यामध्ये नदीवर दगडी बांध घालण्यात आला व त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल उभा राहिला. पावसाळ्यात नदी भरली की पाणी महालासमोरून खाली कोसळते; आत उभा असलेला माणूस मात्र कोरडाच राहतो.

हे कौतुक पाहून प्रवासी परततात. आपण मात्र त्या बांधापाशी क्षणभर थांबून एक प्रश्न विचारू या. जी वस्तू दुर्मीळ आहे तिच्याभोवती भिंत घालण्याचा माणसाला अधिकार आहे काय? आणि असल्यास, त्या अधिकाराची सीमा कोणती?

प्रश्न फार जुना आहे. अरबस्तानातील खैबर या मरूद्यानाभोवती सुमारे चार हजार वर्षांपूर्वी साडेचौदा किलोमीटर लांबीची दगडी तटबंदी होती, असे 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले आहे. तिच्या आत केवळ घरे नव्हती, तर मरूद्यानाची जमीनही होती. सभोवती ओसाड वाळवंट असताना तेथील लोकांनी आपले जगणेच दगडांनी वेढून घेतले. त्यांना स्वार्थी म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. राखण नसलेल्या पाणवठ्यावर बळकटाची घागर आधी भरते आणि दुबळ्याची रिकामी राहते. मार्च 2016 मध्ये, दुष्काळाच्या ऐन झळीत, लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचे कलम 144 लावावे लागले. तीही एक भिंतच होती; फरक इतकाच, की ती कायद्याची होती. तेव्हा भिंत म्हटली की पाप, असा निवाडा आम्हांला करता येत नाही.

परंतु आपल्या भाषेत ‘गावकुसाबाहेर’ असाही एक शब्द आहे, आणि त्याचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. कूस बांधले चोरा-दरोडेखोरांपासून गावाच्या रक्षणासाठी; पण ज्यांनी गावाची सर्वांत कष्टाची कामे केली त्यांनाच त्याने बाहेर ठेवले. पुढे पुष्कळ गावांची कुसे पडली, दगड घरांच्या जोत्यांत गेले, तरी भिंत शाबूत राहिली. महाडच्या चवदार तळ्यावर 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी उचलले, तेव्हा त्यांनी ओलांडलेली भिंत दगडाची नव्हतीच.

मग न्याय्य भिंत आणि अन्यायी भिंत यांतला भेद ओळखावा कसा? येथे नळदुर्गाचा बांधच आपल्याला दोन गोष्टी शिकवतो. पहिली ही, की बोरी नदी किल्ल्यात उगम पावत नाही. तिचे पाणी बाहेरच्या माळांवरून, दुसऱ्यांच्या शेतांतून वाहत येते. आजच्या विंधनविहिरीचेही तसेच आहे. आपल्या कुंपणाची रेषा जमिनीच्या वर असते. खाली खडकाच्या भेगांतून वाहणाऱ्या पाण्याला ती ठाऊक नसते. जे ‘आमचे’ म्हणून आपण राखतो त्यात शेजाऱ्याचा वाटा आधीच मिसळलेला असतो. म्हणून त्याला दिलेले पाणी हे दान कमी आणि परतफेड अधिक.

दुसरी गोष्ट बांधणीची आहे. या बांधाला पाणी सोडणाऱ्या दोन वाटा आहेत. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. त्या बांधणाऱ्याच्या उदारपणाच्या खुणा नव्हेत. सांडवा नसलेला बांध पुराच्या पाण्यापुढे टिकत नाही, हे जाणणाऱ्याची ती दूरदृष्टी आहे. संपत्तीचे, विद्येचे, मानमरातबाचेही असेच आहे. साठवणे हा दोष नव्हे. सांडवा न ठेवणे हा दोष.

पवित्र शास्त्रात तेमा या अरबी मरूद्यानाचा उल्लेख आहे. तेमाही तटबंदीचे गाव होते. यशया संदेष्टा तेथील रहिवाशांना तट पाडायला सांगत नाही. तलवारीपुढून पळत आलेल्यांना पाणी व भाकरी घेऊन सामोरे जा, एवढेच तो सांगतो. तहानलेल्याने वेशीशी येऊन याचना करावी अशी वाट पाहायची नाही. पाण्यानेच वेशीबाहेर जायचे आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी निघाली. पहिल्याच खेपेला तिने सुमारे पाच लाख लिटर पाणी नेले. ती आपल्या येडशीच्या रुळांवरूनच पुढे गेली. संदेष्ट्याच्या शब्दांचा याहून सरळ अर्थ आम्हांला तरी ठाऊक नाही.

आता पुन्हा उन्हाळा येईल. ज्यांच्या अंगणात बोअर आहे त्यांनी कुंपण जरूर राखावे. परंतु एक नळ कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला असावा, आणि त्यावर घागर लावणाऱ्याला कोणी जात वा धर्म विचारू नये.