मुलामा, कल्हई आणि पक्का रंग

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या गराजचा ताबा चिरंजीवांनी घेतला होता. वय वर्षं तेरा. शेजारच्या गल्लीतल्या गराज सेलमधून त्याने पंचवीस डॉलरला रेडिओ कंट्रोलचा एक जुना मॉन्स्टर ट्रक उचलून आणला. बॉडीला चरे, अँटेना वाकडी, पण चाकं अशी चकचकीत की तोंड पाहून भांग पाडावा. मला त्या ट्रकमधली ती चाकंच काय ती आवडली. त्याला नेमकी तीच नको होती. "बाबा, हे फेक आहे. मेटल नाहीये ते. मला ब्लू करायचीत."

मंडळी, इंजिनियर बापाला असं काही करायला मिळालं की लॉन कापायचं राहून जातं. आम्ही दोघं कामाला लागलो.

खेळण्यांवरचा हा 'क्रोम' म्हणजे बहुतेक वेळा क्रोमियम नसतंच. प्लास्टिकच्या चाकावर आधी लॅकरचा एक हात देतात. मग हवा काढून घेतलेल्या पेटीत अ‍ॅल्युमिनियमची वाफ करतात आणि ती वाफ चाकावर बसते. हा थर आपल्या केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ असतो. वरून पुन्हा पारदर्शक लॅकर. झाला क्रोम! खडीवर चार दिवस गाडी पळवली की कडेने पोपडे निघू लागतात.

तो काढायला ओव्हन साफ करायचा स्प्रे चालतो, कारण त्यात कॉस्टिक सोडा असतो आणि कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो. हातमोजे, चष्मा, गराजचं दार सताड उघडं, आणि फवारणी फक्त बापाने करायची, हे तहात ठरलं होतं. दहा-पंधरा मिनिटांत ती चांदी पाण्याबरोबर वाहून गेली. खालचं पिवळट, चिकट लॅकर मात्र हट्टी. ते काढायला रबिंग अल्कोहोल, जुना टूथब्रश आणि दोन संध्याकाळी लागल्या. चमक घालवणं सोपं असतं, ती टिकावी म्हणून खाली जे फासलेलं असतं ते निघायला वेळ लागतो.

आता रंग. स्प्रे पेंट का नको, हे चिरंजीवांनीच मला समजावलं. पेंट वर बसतो, चाक दगडावर आपटलं की उडतो. डाय आत शिरतो. नायलॉनच्या रेणूंमध्ये आम्लधर्मी रंगाला धरून ठेवणाऱ्या जागा असतात, म्हणून कपडे रंगवायचा रंग आणि थोडं व्हिनेगर गरम पाण्यात घालून त्यात चाकं बुडवायची. पाणी उकळीच्या जरा खाली ठेवायचं. शिवाय नायलॉन गरम पाण्यात पाणी शोषून घेतं आणि चिवट होतं, हा फायदा वेगळाच. माझी आई नवीन सुती साडी आधी मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवायची आणि पाणी पाहून म्हणायची, "पक्का आहे हो रंग." तोच हा पक्का रंग. (ज्या पातेल्यात हा प्रयोग झाला ते स्वयंपाकघरात परत येणार नाही, असा निकाल सौ.ने त्याच दिवशी दिला.)

अर्ध्या तासाने चाकं बाहेर काढली. तीन गडद निळी, मोरपिसासारखी. चौथं फिकट, डागाळलेलं, कुणी धुण्यात चुकून रंगवल्यासारखं. पुन्हा बुडवलं. तेच. मग उलटं करून पाहिलं तेव्हा आतल्या बाजूला बारीक अक्षरं दिसली. तिघांवर 'पीए', म्हणजे पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉन. चौथ्यावर 'एबीएस'. आधीच्या मालकाचं एक चाक फुटलं असणार आणि त्याने दुसरीकडून आणून बसवलं असणार. क्रोमखाली चारही सारखी दिसत होती.

"म्हणजे हे चाक खराब आहे?" मुलाने विचारलं.

"नाही रे. एबीएसही चांगलंच प्लास्टिक आहे. फक्त हा रंग ते धरत नाही."

हे बोललो आणि गप्प झालो. कारण मला न्यू जर्सीतलं एक घर आठवलं.

डिसेंबर २००८ मध्ये माझं मास्टर्स संपलं. सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली होती आणि कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या येईनाशा झाल्या होत्या. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये नवा नियम आला होता, की शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्यावर एकूण नव्वद दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येणार नाही. माझे पासष्ट दिवस संपले तेव्हा मी एका कन्सल्टन्सीच्या गेस्ट हाऊसमध्ये जाऊन पडलो. तीन खोल्या, सात मुलं, एक राईस कुकर. त्यांनी माझा रेझ्युमे हातात घेतला आणि परत दिला तेव्हा त्यात चार वर्षांचा अनुभव होता. एका विमा कंपनीच्या डेटा वेअरहाऊसवर मी म्हणे दोन वर्षं काम केलं होतं. गंमत अशी, की तारखा जुळेनात म्हणून माझं खरं मास्टर्स त्यातून काढून टाकलं होतं. वडिलांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून ज्या पदवीसाठी मला धाडलं, तीच खरवडून तिथे मुलामा चढवला होता. मी तो कागद दोनदा वाचला आणि "ठीक आहे" म्हणालो. कुणी माझा हात धरला नव्हता.

एकोणिसाव्या दिवशी मला प्रोजेक्ट मिळालं. पहिलं वर्ष मी कसं काढलं ते मलाच माहीत. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पुस्तकं, सकाळी मीटिंगमध्ये चेहरा शांत. दीड वर्षाने मला ते काम खरोखर यायला लागलं. क्लायंटच्या मॅनेजरने, एका सज्जन वयस्कर गृहस्थाने, मला दोनदा मुदत वाढवून दिली. त्या घरातल्या आम्हा सात जणांचे रेझ्युमे एकाच साच्यातले होते. काहींनी काम आत्मसात केलं. एकाला दोन महिन्यांत काढून टाकलं आणि तो परत गेला. तो आमच्यातला सर्वांत प्रामाणिक मुलगा होता, हेही सांगून टाकतो.

माझी इतकी वर्षं समजूत अशी होती की सुरुवातीला क्रोम होता, पुढे मी स्वतःला रंगवून घेतलं, म्हणजे हिशेब मिटला. उशिरा का होईना, ते खरं झालं. पण खरं केव्हा झालं? ज्या दिवशी मी फोनवर "हो, चार वर्षं" म्हटलं त्या दिवशी ते खोटंच होतं. पुढे मिळवलेलं कौशल्य मागच्या तारखेने लागू होत नाही. आणि ती जागा मला मिळाली म्हणून कुणाला तरी मिळाली नाही. त्या माणसाकडे कदाचित खरी चार वर्षं असतील. त्याला काय झालं हे कधीच कळणार नाही.

कुणी म्हणेल, जगात वावरायचं तर वरचा एखादा थर लागतोच. मान्य. लहानपणी आमच्या वाड्यासमोर कल्हईवाला भाता लावून बसायचा. तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकायचा, कथील फिरवायचा, कापसाने पुसायचा, आणि पातेलं आतून चांदीसारखं व्हायचं. तोही वरवरचाच थर. पण पातेलं पितळेचं आहे हे घरात सर्वांना ठाऊक असायचं आणि आमटी कळकू नये म्हणून ती कल्हई असायची. इंटरव्ह्यूला टाय लावणं, उच्चार जरा सांभाळून करणं, नावाचं लघुरूप सांगणं ही माझ्या मते कल्हई. मुलामा दिला जातो तो समोरच्याला खालचा धातू कळू नये म्हणून. दोन्ही थर सारखेच पातळ असतील, पण एकाने समोरच्याचं अन्न सांभाळलं जातं आणि दुसऱ्याने त्याची फसवणूक होते.

धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार अंगुळं वर चालायचा आणि अश्वत्थाम्याबद्दल अर्धसत्य बोलल्यावर त्याची चाकं जमिनीला टेकली, ही कथा आपल्याला आजीने सांगितलेली असते. युद्ध जिंकलं, छत्तीस वर्षं राज्य केलं, चांगलं केलं. तरी शेवटी त्याला घटकाभर नरक पाहावा लागला, तो याच कारणाने. लहानपणी मला हा अन्याय वाटायचा. इतकी वर्षं नीट वागला, एका वाक्याचं काय एवढं! आता वाटतं, शिक्षा मोठी नव्हतीच. नोंद फक्त पुसली गेली नव्हती.

खरी पंचाईत पुढे आहे. आता इंटरव्ह्यू मी घेतो. त्याच उन्हाळ्यात एक मुलगा समोर आला, बहुधा आपल्याकडचाच, आडनावावरून. रेझ्युमेचा साचा मी झोपेतही ओळखला असता. दोन प्रश्नांत कळलं की लिहिलंय त्यातलं निम्मं नाही. मी शेऱ्यात लिहिलं, 'अनुभव जुळत नाही.' निर्णय कामाच्या दृष्टीने बरोबर होता, आजही तोच घेईन. पण त्याला खोटं पकडल्याचा जो ताठा मला आला होता तो घरी पोचेपर्यंतही टिकला नाही. माझ्या वेळी त्या वयस्कर गृहस्थाने दोन प्रश्न जास्त विचारले असते तर?

हे सगळं त्या दिवशी गराजमध्ये मी मुलाला सांगून टाकलं. सांगावं की नाही याबद्दल घरात दुमत आहे. सौ.चं म्हणणं, तेराव्या वर्षी बापाचं एवढं ऐकायची गरज नव्हती. तो शांतपणे एबीएसचं चाक पुसत होता. मग म्हणाला, "तू त्या मॅनेजरला कधी सांगितलंस?"

"नाही."

"तो अजून आहे?"

आहेत. निवृत्त झालेत, ओहायोत मुलीजवळ राहतात, नाताळला कार्ड पाठवतात. मी ईमेल लिहायला घेतो. पहिला परिच्छेद तब्येतीच्या चौकशीचा होतो, तो छान जमतो. दुसरा तीनदा लिहून खोडलाय. तो मसुदा अजून तसाच पडून आहे.

चौथं चाक मुलाने तसंच, फिकट, डाव्या बाजूला मागे बसवलंय. दुसरं नायलॉनचं आणून देतो म्हटलं तर नको म्हणाला.